पंचनामा आणि आम्ही

पंचनाम्याच्या कागदाची सुरुवात 'आम्ही'ने होते. आम्ही खाली सह्या करणारे पंच, समक्ष हजर राहून, जागेवर पाहणी करून, खरं ते लिहून देतो, अशा धाटणीचं ते वाक्य असतं. त्या 'आम्ही'मध्ये बहुधा गावातले दोन माणूस असतात. एखादा दुकानदार, एखादा निवृत्त शिक्षक, कधी मोहल्ल्यातला, कधी भंडारआळीतला. त्यांच्या दोन सह्यांवर कुणाचं किती गेलं हे ठरतं.

हा शब्दच आमच्यासारखा आहे. 'पंच' इथल्या मातीतला आणि 'नामा' फारसीतून आलेला. दोघांनी कधी एकत्र संसार थाटला ते आता कुणाला आठवत नाही. तलाठ्याच्या दप्तरात शिरलं की असे शब्द पावलोपावली भेटतात. नुकसान, मदत, हक्क, वारस, तहसील, महसूल, मौजे, दाखला. दुष्काळात शेतकऱ्याला मिळायची ती तगाईसुद्धा अरबीतली, बळ देणं हा तिचा मूळ अर्थ. 'तुम्ही मराठी छान बोलता हो' असं आम्हाला अजूनही कुणी कौतुकाने म्हणतं, तेव्हा सरकारी मराठीतला एखादा अर्ज त्याच्यापुढे धरावा असं वाटतं. तर असा हा शब्द. आयुष्यभर कानावरून गेलेला. त्याचं खरं वजन आम्हाला 2020 सालच्या जून महिन्यात कळलं.

त्या वर्षी रमजान ईद 25 मे रोजी झाली. टाळेबंदीमुळे ईदची नमाज घराघरांत पढली गेली. गळाभेट नाही, शीरखुर्म्याच्या वाट्या घेऊन शेजारी जाणं नाही. त्यानंतर नवव्या दिवशी, 3 जूनला बुधवारी, 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 110 किलोमीटर, झोत 120पर्यंत. आमचं गाव खाडीकाठचं, वादळाच्या वाटेवरचं. दुपारभर घरांची दारं आतून पाठीने दाबून धरलेली माणसं संध्याकाळी बाहेर आली, तेव्हा गाव ओळखू येत नव्हतं. कौलं अंगणात, पत्रे दुसऱ्याच्या वाडीत, विजेचे खांब रस्त्यावर आडवे. आणि पोफळी तर कापणी झाल्यासारख्या एका दिशेला निजलेल्या. ज्या वाडीत भर दुपारी दिवा लावावासा वाटे, तिथे ऊन पडलं होतं. म्हातारी माणसं त्या उन्हाकडे बघून रडली.

जीवितहानी त्या मानाने थोडी झाली, हा अल्लाहचा फजल आणि वेळेवर झालेल्या स्थलांतराचं फळ. पण जगलेल्या माणसाला दुसऱ्या दिवसापासून छप्पर लागतं. वीज गेलेली, मोबाईलचे टॉवर पडलेले, मुंबईहून येणारी वाट बंद, आणि डोक्यावर पाऊस. अशा वेळी गावात एकच वाक्य फिरू लागलं, 'पंचनामा झाल्याशिवाय काही हलवू नका.' पडलेलं झाड तसंच ठेवायचं. फुटलेली कौलं तशीच ठेवायची. साहेब येतील, बघतील, लिहितील, मग उचला. लहान मुलं घेऊन उघड्या घरात बसलेल्या बाईला हे वाक्य कसं लागत असेल, ते तिचं तिलाच ठाऊक.

या कामाची रीत सांगायला हवी, कारण ती ठाऊक नसल्यामुळेच माणसं जास्त नाडली जातात. गावपातळीवर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे मिळून संयुक्त पंचनामा करतात. (2024 पासून तलाठ्याला 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणतात. गाव अजून 'भाऊसाहेब'च म्हणतं.) त्यांची यादी मंडळ अधिकाऱ्याकडून तहसीलदाराकडे, तिथून प्रांताकडे, जिल्हाधिकाऱ्याकडे, विभागीय आयुक्ताकडे आणि शेवटी मंत्रालयात जाते. वाटेत प्रत्येक पायरीवर तिची बेरीज होते. गावात जे 'अमक्याच्या घराचा पुढचा पाखा उडाला' असतं, ते तालुक्याला 'अंशतः बाधित घरे' या रकान्यातला एक आकडा होतं. मंत्रालयात पोहोचेपर्यंत त्या घराला दार होतं की नव्हतं, हे सांगणारं कुणी उरत नाही. तो एकत्रित आकडा घेऊन राज्य केंद्राकडे मदत मागतं, केंद्राचं पथक पाहणी करून जातं, आणि मग पैसा त्याच पायऱ्यांनी खाली उतरतो.

शिवाय प्रत्येक नुकसानीला एक उंबरठा असतो. पीक किंवा बाग 33 टक्क्यांहून कमी गेली असेल तर ती गेलीच नाही असं धरतात. 2015 पूर्वी हा उंबरठा 50 टक्क्यांचा होता. घर किमान 15 टक्के पडावं लागतं. आता 15 टक्के म्हणजे किती? कौलं सगळी गेली आणि भिंती उभ्या आहेत, तर किती टक्के? भाऊसाहेबांकडे ना टेप होती ना वेळ. त्यांनी मान वर करून आढ्याकडे पाहिलं आणि टक्के लिहिले. यात त्यांना दोष देता येत नाही. एका माणसाकडे अनेक गावं, रस्त्यात झाडं आडवी, गाडी जात नाही, अंगात रेनकोट आणि तोंडाला मास्क. बाहेरच्या तालुक्यातून मदतीला आणलेल्यांना वाडीची हद्दसुद्धा ठाऊक नाही. ते दमलेले होते, आणि प्रत्येक दारात त्यांना कुणीतरी अडवत होतं.

आता दराचं सांगतो. केंद्राच्या तेव्हाच्या निकषांत बहुवार्षिक बागेला हेक्टरी 18,000 रुपये होते. राज्य सरकारने निसर्गग्रस्तांसाठी ते 50,000 केले. पूर्ण पडलेल्या घराला 95,100 होते, ते दीड लाख केले. ही वाढ मोठी होती आणि तिची कदर केलीच पाहिजे. पण हेक्टर हे माप कोकणच्या वाडीला कसं लागू पडणार? एक हेक्टर म्हणजे जवळपास शंभर गुंठे. हेक्टरी 50,000 म्हणजे गुंठ्याला 500. आमच्याकडे दहा-बारा गुंठ्यांची वाडी असलेला माणूस 'वाडीवाला' म्हणून मिरवतो. त्याला पाच-सहा हजार येणार. बरं, त्या दहा गुंठ्यांत माड, त्याच्याखाली पोफळी, पोफळीवर मिरवेल, मधे जायफळ, कडेला केळी. एकावर एक चार पिकं. जमिनीच्या मापाने मोजलं तर सगळं मिळून दहा गुंठेच. मग आरडाओरड झाली, निवेदनं गेली, आणि त्याच वर्षी झाडाच्या हिशेबाने मदत ठरली. माडाला 250 रुपये, पोफळीला 50. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच ते सात वर्षं लागतात आणि पुढे ती तीस-चाळीस वर्षं देत राहते. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव देशभर आहे. पण पडलेल्या पोफळीचा बुंधा करवतीने कापून वाडीबाहेर काढायची मजुरीच पन्नास रुपयांच्या वर जात होती.

तरी दराचं दुःख सगळ्यांचं सारखं होतं. वेगळं दुःख होतं ते नावाचं.

मोहल्ल्यातली एक चाची. नवरा वारलेला, मुलं शिकणारी. बारा गुंठ्यांची वाडी तीच राखते. पंप चालवणं, झावळ्या गोळा करणं, सुपारी वाळत घालणं, सोलून व्यापाऱ्याला देणं, सगळं तिच्या हातचं. वादळात निम्म्याहून जास्त पोफळी गेल्या. पंचनामा झाला, पंचांनी सह्या केल्या, पण यादीत तिचं नाव नाही. कारण सातबाऱ्यावर ती नव्हतीच. सातबारा सासऱ्याच्या नावे होता. सासरे जाऊन वीस वर्षं झालेली. त्यांना तीन मुलगे आणि दोन मुली. एक मुलगा कुवेतला, एक दक्षिण आफ्रिकेत, तिसरा म्हणजे चाचीचा नवरा, कब्रस्तानात. मुली सासरी, एक मुंब्र्याला आणि एक पुण्याला.

कचेरीने सांगितलं, सगळ्या वारसांचं संमतीपत्र आणा. नियमाने ते बरोबरच होतं. उद्या दुसऱ्या वारसाने येऊन 'माझा हिस्सा कुठे' म्हटलं तर जबाबदार कोण? पण जून 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय विमानं बंद होती. कुवेतमधला दीर स्वतःच कामावरून बसलेला. त्याने कागदावर सही करून फोटो पाठवला. फोटो चालत नाही म्हणाले, मूळ कागद हवा.

आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी तेव्हा बसून हिशेब केला. बारा गुंठ्यांची मदत, गुंठ्याला 500 प्रमाणे, 6,000 रुपये. शरियतप्रमाणे मुलाला दोन वाटे, मुलीला एक. तीन मुलगे, दोन मुली, एकूण आठ वाटे. चाचीच्या नवऱ्याचे दोन, म्हणजे 1,500 रुपये. त्यात मुलं असलेल्या विधवेचा आठवा हिस्सा. 187 रुपये 50 पैसे. बाकीचे तिच्या मुलांचे. मास्तरांनी चष्मा काढून ठेवला आणि कुणीच काही बोललं नाही. हिशेब कुठेही चुकला नव्हता. वारसाहक्काचा कायदा मयताची मालमत्ता वाटून देतो, आणि त्यात विधवेचा व मुलीचा वाटा पक्का करून ठेवतो, हे त्याचं मोठेपण आहे. पण वीस वर्षं वाडीत खपलेल्या हातांची मजुरी हा वारसाहक्काचा विषयच नाही. ती मोजण्याची जागा पंचनाम्यात असायला हवी होती. तिथे रकाना फक्त खातेदाराचा आहे. कसणाऱ्याचा, राखणाऱ्याचा नाही.

ही एका चाचीची गोष्ट नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या गावांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर, आखातात, आफ्रिकेत गेली. घरं बायकांनी चालवली. सातबारा मात्र आजोबा-पणजोबांच्या नावाने तसाच राहिला, कारण तो बदलायचा तर सगळे भाऊ एका वेळी गावात हवेत. शिवाय वारसनोंद करायची म्हटली की बहिणींची नावं लावावी लागतात. आमच्या भागात बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्याची चाल आहे. हिंदू शेजाऱ्यांतही आहे. भावाशी वाकडं नको म्हणून बहिणी सह्या करतात, आणि काही भाऊ ती वेळच येऊ नये म्हणून वारसनोंदच टाळतात. कुरआनाने ठरवून दिलेला वाटा मिलादच्या जलशात अभिमानाने सांगितला जातो आणि तलाठ्याच्या दप्तरात शोधला तर सापडत नाही. वादळाने कौलं उडवली तसं हेही उघडं पडलं.

घरांचंही असंच. घराची मदत ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर ज्याचं नाव त्याला. भाड्याने राहणारा, चुलत्याच्या पडवीत संसार मांडलेला, उतारा नसलेल्या जागेवर झोपडं घातलेला, या सगळ्यांचं छप्पर उडालं पण नुकसान दुसऱ्याचं झालं. मासेमारी करणाऱ्या आमच्या दालदी भावांची आणि कोळी शेजाऱ्यांची गत काय सांगावी? केंद्राच्या तेव्हाच्या निकषांत होडी पूर्ण गेली तर 9,600 रुपये आणि जाळं पूर्ण गेलं तर 2,600. ज्याने कधी जाळं विणलं किंवा विकत घेतलं आहे, त्याने हा आकडा ऐकून हसून घ्यावं.

आणि मशिदीचे पत्रे? निकषांच्या यादीत रस्ते येतात, पूल येतात, शाळा आणि आरोग्य केंद्रं येतात. प्रार्थनास्थळं येत नाहीत. त्यामुळे मशिदीचे पत्रे आणि पलीकडच्या देवळाच्या सभामंडपाचे पत्रे, दोन्ही रकान्याबाहेर. एका अर्थी बरंच झालं. देवळाचा एक पत्रा कब्रस्तानात येऊन पडला होता, तो पोरांनी खांद्यावरून पोहोचवला. मशिदीवर चढायला शिडी आली ती भंडारआळीतून. या गोष्टींचा पंचनामा कुणी केला नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

पण सगळंच इतकं उजळ नव्हतं. पंच म्हणून सही करायला बोलावलेल्या माणसांवर काय ओझं येतं, ते त्या दिवसांत पाहिलं. कुणी म्हणे, माझी आधीच वाळलेली झाडंही लिहा, सरकारच्या घरचं काय जातंय? कुणी पुढाऱ्याची चिठ्ठी आणी. एकाच घरात दोन चुली दाखवून दोन कुटुंबं लिहिली जात. दुसरीकडे खरोखर सगळं गेलेला माणूस संकोचाने पुढे येत नसे. 'सबर करतो, मागत नाही,' म्हणे. अशा वेळी पंचाने काय करावं?

जमातच्या बैठकीत मौलानांनी यावर दहा मिनिटं सांगितलं, ते अजून लक्षात आहे. कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत कशाविषयी आहे? नमाज-रोज्याविषयी नाही. सूरह बकराची 282 वी आयत, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी. लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, गवाहाला बोलावलं तर त्याने पाठ फिरवू नये, आणि लिहिणाऱ्याला किंवा गवाहाला कुणी त्रास देऊ नये, असा तिचा आशय. मौलाना म्हणाले, जास्त लिहिणारा जसा खोटा गवाह, तसा दुसऱ्याचं कमी लिहिलं जाताना गप्प बसणाराही. आणि भाऊसाहेबांच्या अंगावर धावून जाणाऱ्यांनीही ही आयत घरी जाऊन वाचावी. बैठकीनंतर वाळलेल्या झाडांचा आग्रह धरणारे दोघे तरी मागे फिरले. सगळे फिरले असं म्हणता येणार नाही.

नुकसान जमिनीच्या कागदावरून मोजण्याची ही रीत जुनीच आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. तिथे घराचा आकार कुटुंबाकडच्या जमिनीवरून ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, त्याहून जास्त जमीन असणाऱ्याला 400, सात हेक्टरच्या वर 750. ज्या घरात दहा माणसं आणि जमीन नाही, त्याचं घर सर्वांत लहान. मराठवाड्यातल्या आपल्या वाचकांना हे अधिक ठाऊक असेल. दुष्काळात पैसेवारीचा आकडा 50 पैशांच्या खाली जातो की वर राहतो, याकडे त्यांची गावं कशी डोळे लावून बसतात तेही ते जाणतात. आमच्याकडे निसर्गनंतर वर्ष उलटायच्या आत तौक्ते आलं, आणि 22 जुलै 2021 रोजी चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं. पुन्हा पंचनामे, पुन्हा उंबरठे, पुन्हा संमतीपत्रं.

या अवधीत काही गोष्टी बदलल्या. केंद्राने 2022 मध्ये निकष सुधारले आणि बहुवार्षिक बागेचा दर हेक्टरी 22,500 केला. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. आपल्या वाडीत काय उभं आहे याची नोंद आता खातेदार स्वतः मोबाईलवरून करू शकतो. पूर्वी ज्या सातबाऱ्यावर पोफळींच्या जागी 'पड' लिहिलेलं असे, तिथे झाडं येऊ लागली. मदत थेट बँकखात्यात जमा होते, त्यासाठी आधारची पडताळणी करावी लागते. सुपारी सोलून बोटांच्या रेषा पुसलेल्या बायकांचे ठसे ते यंत्र घेत नाही, हा नवा उंबरठा. पण दारोदार हिंडण्यापेक्षा हे बरं.

म्हणून आमच्या गावात तीन कामं हाती घेतली आहेत. पहिलं, पाऊस सुरू होण्याआधी प्रत्येक घराचे आणि वाडीचे फोटो काढून ठेवणं. पडल्यानंतरचा फोटो सगळे काढतात, आधी काय उभं होतं ते दाखवणारा फोटो कुणाकडे नसतो. दुसरं, पंचनामा झाला की त्याची प्रत मागून घेणं, आणि बाधितांची यादी ग्रामपंचायतीत लागली की ती मोठ्याने वाचणं. ज्याचं नाव राहिलं त्याने मुदतीत हरकत द्यायची, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज शाळेतल्या पोरांनी लिहायचा. तिसरं काम सर्वांत कठीण, वारसनोंदी. सुट्टीवर आलेल्या प्रत्येक परदेशस्थाला मोहल्ल्यातली वडीलधारी माणसं आता एकच विचारतात, 'वालिदांच्या सातबाऱ्याचं काय केलंस?'

चाचीची वारसनोंद 2022 मध्ये झाली. कुवेतचा दीर आला होता. आफ्रिकेतल्याने वकिलातीमार्फत कागद पाठवले. पुण्याच्या आणि मुंब्र्याच्या नणंदा स्वतः आल्या. हक्कसोडीचा विषय कुणीतरी काढलाच. थोरली नणंद म्हणाली, 'आमची नावं राहू द्यात. वाडी वहिनीच राखणार, सुपारीही तिचीच. पण पुन्हा वादळ आलं तर सही करायला आम्ही जवळ आहोत, तुम्ही नाही.' फेरफार त्याप्रमाणे झाला. सातबाऱ्यावर आता नावांची रांग लागली आहे, त्यात बायकांची नावं जास्त आहेत. 2020 च्या पावसाळ्यात चाचीने मोकळ्या झालेल्या जागी पोफळीची रोपं लावली होती. त्यातली काही यंदा धरू लागली आहेत, आणि त्यांची नोंद ई-पीक पाहणीत तिच्या मुलीने स्वतः केली आहे.